कलम पंधरा, तीनदा वाचलेलं

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी दिगंबर पोंक्षे संमतीपत्राचा चौथा कागद टंकयंत्रात चढवत होते. कलकत्त्यात लायन्स रेंजवरच्या मल्लिकबाबूंच्या दलाली पेढीत तेवीस वर्षं झालेल्या या कारकुनाचं एकच वैशिष्ट्य सांगितलं जाई : पोंक्षेंच्या हातून निघालेल्या सौद्याच्या चिठ्ठीत आजवर कुणाला खोट काढता आली नव्हती.

वर्ष १९७२. पेढीत त्या महिन्यात एका चहाच्या मळ्याचे शेअर खपत होते, भाव एक रुपया ऐंशी पैसे. गिऱ्हाइकांत पेन्शनर होते, मास्तर होते. ज्यांना मोठ्या कंपन्यांचे शेअर परवडत नाहीत त्यांना स्वस्त शेअर म्हणजे घेतलाच पाहिजे असा माल वाटतो. हे शेअर मल्लिकबाबूंचे स्वतःचे होते. मार्चमध्ये त्यांनी ते सत्तर पैशांनी उचलले, ती चिठ्ठीही पोंक्षेंनीच टंकलेली.

यात बेकायदा काही नव्हतं. शेअर-सौद्यांच्या १९५६च्या कायद्याचं पंधरावं कलम एवढंच सांगतं की, दलाल स्वतःचा माल गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्यानं त्याची संमती घ्यावी आणि चिठ्ठीवर तसं नमूद करावं. माल कितीला घेतला होता हे सांगायला कलम सांगत नाही. मल्लिकबाबू कलमाबाहेर एक अक्षर बोलत नसत. त्यांच्या पेढीत कायदा पाळला जाई तो असा.

साडेदहाला मीनाक्षीताई रिसबूड आल्या. बेहाला उपनगरात त्या पोंक्षेंच्या वरच्या मजल्यावर राहत. भवानीपूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. फंडाचे चार हजार त्यांच्याकडे होते. त्यापलीकडे काही नव्हतं, कुणी नव्हतं.

"दिगंबर, हजार शेअर घ्यायचे म्हणते."

"ताई, घरी बोलला नाहीत."

"घरी काय बोलायचं? तू इथे बसतोस, हेच पुरे."

काचेच्या पलीकडे मल्लिकबाबू बसले होते. मराठी त्यांना येत नव्हती, पण आकडे समजत. 'सत्तर पैसे' म्हटलं असतं तर काचेतूनही पोचलं असतं, आणि पोंक्षेंना निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी मग कलमाचाच आधार घ्यायचं ठरवलं. संमतीपत्र इंग्रजीत होतं. ते त्यांनी मराठीत, सावकाश वाचलं.

"हे शेअर पेढीच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. पेढी इथे तुमची दलाल नाही, तर विकणारी आहे. विकणाऱ्याचा फायदा वेगळा आणि तुमचा वेगळा, हे तुम्हाला सांगण्यात आलं आहे."

शेवटचं वाक्य मूळ कागदावर नव्हतं. तेवीस वर्षांत पोंक्षेंनी पहिल्यांदाच पदरचं घातलं.

"बरं," ताई म्हणाल्या आणि पेन काढलं.

"थांबा. पुन्हा वाचतो." त्यांनी 'विकणारी' या शब्दावर जोर दिला. ताईंनी मान डोलावली. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी ताईंच्या डोळ्यांत बघत.

"अरे, कळलं रे बाबा! आमचा शाळा-तपासनीससुद्धा एवढं समजावून सांगत नसे." ताई हसल्या. "इतकं उघड कोण सांगतं हल्ली? माझा मेहुणा पुण्यात फसला, त्याला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. लपवायचं असतं तर तू तीनदा वाचलं असतंस का?"

"ताई, म्हणूनच वाचतोय."

"म्हणूनच म्हणते, हजार नको, दोन हजार कर."

जन्मभर मुलींना व्याज आणि नफा-तोटा शिकवलेल्या बाईंनी छत्तीसशे रुपयांच्या सौद्यावर स्वच्छ, वळणदार सही केली. तारीखही घातली. संमतीपत्र निर्दोष होतं.

जाताना म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीलाही, शकुन नाटूला, पाठवते उद्या. तिलाही नीट वाचून दाखव, तीनदा."

मल्लिकबाबू काचेमागून उठून आले. त्यांनी सही पाहिली, आकडा पाहिला आणि पोंक्षेंकडे जरा नव्या नजरेनं पाहिलं.

"ओनाके की पोड़े शोनालेन, दिगंबरबाबू?" बाईंना काय वाचून दाखवलंत?

"कलम पंधरा," पोंक्षे म्हणाले, आणि शेवटी पदरचं घातलेलं वाक्यही त्यांनी बंगालीत सांगितलं.

"तीन बार?"

"तीन बार."

आजवर तो कागद मल्लिकबाबू गिऱ्हाइकापुढे घाईघाईनं, सहीच्या जागेवर बोट ठेवून सरकवत आले होते. "एटा बांग्लातेओ कोरे दिन," ते म्हणाले. हेच बंगालीतही करून द्या. "आर ओई शेषेर कोथाटा," म्हणजे ते शेवटचं वाक्य, "ओटाओ थाकबे." तेही राहील.

पोंक्षेंनी कोरा कागद चढवला.

शकुन नाटू उद्या साडेदहाला येणार आहेत. संमतीपत्राच्या दोन प्रती, कार्बनसह, पोंक्षेंच्या डाव्या खणात टंकून ठेवलेल्या आहेत.