पाटावर बसलेला दुसराच

माझे भावोजी सहलीच्या बसवर ड्रायव्हर. प्रवाशांना ठिकठिकाणचे सण-उत्सव दाखवत फिरायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे त्यांनी सगळे सण पाहिले ते पार्किंगमधून. गर्दी गुलालात न्हायची आणि हे काचा पुसत बसायचे. ताई म्हणायची, घरचा सण तेवढा यांच्या कपाळी लिहिलेला नाही.

एका वर्षी मालकाच्या डोक्यात आलं, परदेशी पाहुण्यांना खऱ्या घरातला दिव्यांचा सण दाखवायचा. घर ठरलं ते भावोजींचंच. ते हरखून गेले. निदान या निमित्तानं बायको ओवाळेल! ताईनं भिंती रंगवल्या, मुलीनं फाटकापर्यंत रांगोळी घातली.

पाहुणे आले, दाटीवाटीनं बसले, मोबाईल सरसावून. नवऱ्याला ओवाळायची वेळ झाली. भावोजी हातपाय धुऊन, नवा सदरा घालून आले. मालकानं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. रापलेला चेहरा, पुढचे दोन दात पडलेले. त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, फोटो जाहिरातीला हवाय, वाईट वाटून घेऊ नका. आणि पाटावर बसमधल्या गाईडला बसवलं. गोरागोमटा, तरणाताठा. तो बिचारा मान खाली घालून बसला.

ताई तबक घेऊन तशीच उभी. तिनं भावोजींकडे पाहिलं.

"ओवाळ," ते म्हणाले.

तिनं ओवाळलं. टाळ्या पडल्या. एका पाहुणीनं भावोजींना हसून विचारलं, तुम्ही या घरातले कोण? त्यांनी खिशातली बसची किल्ली दाखवली.

पाहुण्यांना सोडून ते संध्याकाळी परतले, तेव्हा ताईनं पुन्हा पाट मांडला होता.

"झालं की एकदा," ते म्हणाले.

"माझ्या मनानं झालं का ते? तुम्हीच म्हणालात ना, ओवाळ म्हणून?"

ते भिंतीकडे तोंड करून पडले. तबकातलं निरांजन आपसूक विझलं.

पुढच्या हंगामात तो फोटो बसच्या पाठीवर झळकला. ताई, गाईड आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आमचा घरगुती सण'. भावोजी रोज सकाळी ती बस धुतात. मालकाला सांगून काढायला लावा, असं मी सुचवलं. सांगून झालं होतं म्हणे. रंग अजून चांगला आहे, फिका पडला की बघू, असं उत्तर मिळालं.

ताई आता सणाला दिवे लावते. पाट मात्र मांडत नाही आणि भावोजीही मागत नाहीत.