आढ्यावरून चालणारा देव

वेई नगरातल्या हस्ती नावाच्या कुंभारणीने आयुष्यभर देवळांची कौलं घडवली. यंदा प्रथमच तिला आढ्यावर उभा करायचा मातीचा देव घडवायचं काम मिळालं. देव पुजाऱ्याला पसंत पडला नाही, तर काम ग्रीक कारागीर नीकोनला जाणार होतं.

भट्टीतून निघालेली मूर्ती बघून नीकोन हसला. हसायला काय जातं?

"हस्तीबाई, देवाची मान की बगळ्याची?"

"तुमचे देव समोर बसतात रे. आमचे छपरावर चालतात. खालून बघ, मग बोल."

दोरांनी मूर्ती वर चढली. खालून मान अगदी बेताची दिसली, आणि देव आभाळातून ढांगा टाकत निघाला. पुजाऱ्याने दोन्ही हात उंचावले, गाव ओरडलं.

नीकोन वरच बघत म्हणाला, "माती कालवायला ठेवतेस का मला?"

"उद्या उजाडताच ये," हस्ती म्हणाली.