प्रदीपनं सोडलेली जागा

जामबागच्या शाळेत माझा तास चालू असताना शिपाई सांगत आला, घरून फोन आहे. प्रदीप, माझा धाकटा भाऊ, झोपेतच गेला होता. महिना होऊन गेला... अजून रडण्याआधी मला त्याचा रागच येतो. काम अर्धं टाकून जाणारा माणूस नव्हता तो.

आमचं घर वकिलांचं आणि सरकारी नोकरांचं. हा पठ्ठ्या मात्र केबल आली तेव्हापासून परदेशी रॅपच्या नादी लागला. हिमायतनगरच्या घरात मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणून त्यावर बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारा ताल, करू लागला. काळेकुट्ट, अंगावर येणारे बीट. स्वयंपाकघरातली भांडी थरथरत. त्यावर दिलसुखनगरचा इम्रान दखनीत, इथल्या गल्लीतल्या उर्दूत, इतक्या वेगानं रॅप करी, की आई म्हणे, पोरगं शिव्या देतंय की दुवा, काही कळत नाही. प्रदीपनं ते मनाला लावून घेतलं. वेग कमी करायचा नाही, बीट मवाळ करायचा नाही, आणि आईला शब्दन् शब्द कळला पाहिजे. एका कॅसेटवाल्यानं ‘जरा हळू घ्या’ सुचवलं, तर हा तिथून उठूनच आला.

एकदा दोन ओळींमध्ये थांबायला सांगताना तो आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "इधर जगह छोड." इम्राननं पिशवी उचलली आणि जिना उतरला. प्रदीप मागं धावला. रस्ता रुंद करायला इम्रानच्या वडिलांचं दुकान जाणार होतं, आणि जो तो येऊन त्यांना हेच सांगत होता, जागा सोडा. त्याची समजूत घालून परत आल्यावर प्रदीप म्हणाला, "ताई, त्यानं का जागा सोडायची? मी सोडतो."

त्यानंतर तो बीटमधून एकेक आवाज काढतच गेला. इम्रानचे शब्द येतील तिथला बेस, तो खालचा घुमणारा खर्जसुद्धा काढला. फक्त ड्रम ठेवले, आणखी जड केले. उरलं ते आधीपेक्षा भयंकर होतं, हे मलाही कळे. पुढं दुकान पडलं, इम्राननं त्यावर गाणं लिहिलं, बीट तयार झाला, रेकॉर्डिंग रविवारी ठरलं. तो रविवार प्रदीपला दिसला नाही.

तेराव्यानंतर मीच इम्रानला बोलावलं. खोली आवरायची नाही, गाणं पुरं करायचं, असं घरात सांगून टाकलं. बीट लावला आणि इम्रान पूर्ण वेगात सुटला. गाणं संपलं तेव्हा आई दारात उभी होती, हाताला कणीक.

"तेरे अब्बा की दुकान सच्ची में गिरा दिए क्या रे?" तिनं विचारलं.

"हौ, अम्मा," इम्रान म्हणाला.