काळ्या ठिपक्याचे चार भाऊ

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सोजरबाईची कूस उजवली नाही, म्हणून सासूनं, मालूबाईनं, तिला माहेरी धूलकोटला पाठवायचं ठरवलं. पोहोचवायला नवराच गेला. शालिग्राम मुळातच अबोल. मोटारीत दोघं शेजारी बसले, पण वाटभर एक शब्द नाही. भावाच्या दाराशी तिनं एवढंच विचारलं, "मले न्यायले कधी याल?"

"माय म्हणेल तव्हा," तो म्हणाला आणि परतीच्या मोटारीनं बऱ्हाणपूरला आला. हे त्रेपन्न सालातलं.

शालिग्राम मलेरिया खात्यात होता. इतवारा वस्तीच्या मागं खात्याचे सहा हौद होते, त्यांत गप्पी मासे वाढवायचे आणि गावातल्या विहिरींत नेऊन सोडायचे. ते डासांच्या अळ्या खातात. काम साधं, पण शालिग्रामला त्याची गोडी लागली. घर रिकामं झाल्यावर तर तो सुट्टीच्या दिवशीही हौदांवर जाऊन बसे. गप्पीची मादी मोठी आणि मातकट, नर बोटाच्या पेरापेक्षा लहान पण रंगीत. अंडी घालत नाही ही मासळी, जिवंत पिल्लं देते. एका नराच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका होता. शालिग्रामनं त्याला दोन माद्यांसोबत काचेच्या बरणीत वेगळं ठेवलं. पिल्लं वाढली, तर प्रत्येक नर पिल्लाला तोच ठिपका, आणि मादी एकही ठिपक्याची नाही.

हे त्यानं मधुकर मास्तरांना दाखवलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि वर्गातल्या बरणीसाठी मासे न्यायला येत.

मास्तर खूश झाले. म्हणाले, "तो ठिपका बापाच्या ज्या बीजकणात आहे ना शालिग्राम, तोच कण पिल्लाला नर करतो. म्हणून ठिपका बापाकडून मुलाकडेच जातो. नर की मादी, हे या माशांत बाप ठरवतो. माणसातही तसंच."

"माणसातबी?"

"हो. आणि आपल्याकडं मुलगी झाली की शिव्या आईला."

त्या दिवसापासून शालिग्रामच्या बरण्या वाढत गेल्या. मास्तरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज पोटात साठवते आणि पुढं कित्येक महिने नराशिवाय पिल्लं देते. खरं काय ते पाहायचं तर लहानपणापासून वेगळ्या ठेवलेल्या माद्याच घ्यायच्या. शालिग्रामनं तशा माद्या वाढवल्या.

मग पंचावन्नच्या हिवाळ्यात ते चार भाऊ निघाले. एकाच आईची एकाच वेळची पिल्लं. ठिपका सगळ्यांत ठळक, माद्यांमागं लागण्यात सगळ्यांत पुढं. चौघांना चार बरण्यांत एकेक मादी दिली. महिना गेला, दोन गेले, तीन गेले, पिल्लं नाहीत. शालिग्रामला वाटलं, माद्याच खराब. त्यानं त्यांना फेकून द्यायला जाळी उचलली होती. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्या चौघांच्या जागी दुसरे नर सोडून पाहिले. महिनाभरातच चारही बरण्यांत पिल्लं वळवळू लागली.

शालिग्राम उठून थेट शाळेत गेला.

"असं होतं," मास्तर म्हणाले. "बाहेरून नर अगदी पूर्ण, पण आत बीज तयार होत नाही. आईबाप दोघांतही तो दोष लपलेला असतो. त्यांना त्रास होत नाही, पण काही पोरांत दोन्हीकडून उतरतो. म्हणून भाऊ-भाऊ तसे निघतात."

भाऊ-भाऊ! शालिग्रामचा धाकटा भाऊ भाईदास नदीपलीकडं जैनाबादेत केळीची शेती करी. त्याची पहिली बायको वांझ म्हणून त्यानं दुसरी केली होती. सहा वर्षं झाली, दुसरीलाही मूल नव्हतं. मालूबाई सगळ्यांना सांगे, "माह्या नशिबी तिन्ही सुना वांझोट्या." आणि आता तिनं शालिग्रामसाठी दुसरी मुलगी पाहिली होती, कोकिळा नावाची, एकोणीस वर्षांची. वैशाखातली तारीख निघाली होती.

मास्तरांनी त्याचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या ध्यानात आलं. "माशांवरून माणसाचं ठरवू नका," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरांना दाखवा. मी येतो सोबत."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा तपासलं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. बीज नव्हतं. एकही नाही.

मालूबाई तांदूळ निवडत होती. शालिग्रामनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मासे, मास्तर, डॉक्टर. तिनं सूप खाली ठेवलं.

"तू माणूस हायेस का मासळी?"

"माय, कोकिळेच्या घरी निरोप धाड. लग्न होनार नाही."

"आईबापातून उतरतं म्हणतोस. म्हणजे खोट माह्या कुशीत होती?"

"कोनाचीच खोट नाही, माय. तुही खोट नाही, सोजरचीबी नव्हती."

मालूबाईनं सूप उचललं आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. कोकिळेच्या घरी निरोप शेवटी शालिग्रामनंच पोचवला. भाईदासला सांगायला तो जैनाबादेत गेला, तर भाईदासनं त्याला अंगणातूनच परतवून लावलं.

मग तो धूलकोटला गेला. सोजरबाई भावाच्या, गिरधरच्या गोठ्यात शेण भरत होती. तीन वर्षांत तिचे केस कानाशी पांढरे झाले होते. त्यानं सांगितलं. ती हातातली पाटी तशीच धरून ऐकत राहिली.

"मले ठाऊक नव्हतं, सोजर."

"ठाऊक नव्हतं, खरं हाये," ती म्हणाली. "मलेबी नव्हतं. मीच सोताले बोलत होते, येवढे उपास केले. पन माय मले बोले, तव्हा तुम्ही खाली मान घालून जेवत होते. तव्हा मासळीनं सांगायचं काय काम होतं?"

तो म्हणाला, "चल घरी."

"नाही येत. मले एकटीले सांगून काय होईन? गावानं वांझ म्हटलं, गावाले सांगा."

गिरधरच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. जन्मात चारचौघांत न बोललेला शालिग्राम तिथं उभा राहिला आणि म्हणाला, "मूल माह्यामुळं झालं नाही. डॉक्टरनं तपासलं. सोजरमंदी काही दोष नव्हता." एक म्हातारा हसला. गिरधरनं मान खाली घातली. त्याच्या बायकोनं, गोदाबाईनं, तान्ह्या पोरावर कधी नणंदेची सावली पडू दिली नव्हती. ती दारातून हे ऐकून आत गेली, ती शालिग्राम निघेपर्यंत बाहेर आली नाही. सोजरबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. येते असं मात्र म्हणाली नाही.

त्याच वर्षी राज्यांची नवी जुळणी झाली. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जाऊ लागले, आणि मधुकर मास्तर विदर्भात निघून गेले. जाताना त्यांनी आपली विज्ञानाची वही शालिग्रामला दिली.

दोन वर्षांनी मालूबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं स्वतःच तोंड उघडलं, "सोजरले बोलाव." सोजरबाई आली. महिनाभर तिनं सासूचं हागणंमुतणं काढलं. मालूबाईनं माफी कधी मागितली नाही, पण शेवटी शेवटी ती पाणी फक्त सोजरच्या हातानं प्यायची. दिवसकार्य आटोपलं आणि सोजरबाई पुन्हा धूलकोटला गेली. शालिग्रामनं तिला राहा म्हटलं नाही. म्हणायचा हक्क आपला उरला नाही, असं त्याला वाटलं. ती वाट पाहत होती की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

पुढं तो एकटाच राहिला. मात्र आळीत कुणी सुनेला वांझ म्हटलेलं कानावर आलं, की हा अबोल माणूस त्या घरी जाई, ओट्यावर बसे आणि आपलं नाव घेऊन आपली गोष्ट सांगे. बहुतेक घरांतून त्याला हाकललं. दोन घरचे नवरे मात्र तपासायला गेले. त्यांतल्या एकाला औषधानं गुण आला आणि पुढं मुलगी झाली. बारशाचं बोलावणं घेऊन मुलीचा बाप स्वतः आला होता. शालिग्रामनं धुतलेला सदरा घातला, त्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला, आतून पाळण्याची गाणी ऐकली. सोजरला वांझ म्हणून कुणी कधी बारशाला बोलावलं नव्हतं, हे त्याला आठवलं आणि तो तिथूनच मागं वळला.