डीप फ्रीजमधले ताईत

सत्तरच्या दशकातला सोलापुरातला एप्रिल, आणि मला काम मिळालं होतं बर्फात हात घालायचं! प्रयोगशाळेतला डीप फ्रीज आतून नीट लावून ठेव, शनिवारी मी बघेन आणि मगच तुझ्या कायम नोकरीच्या कागदावर सही करेन, असं सरांनी बजावलं होतं. मी तर हवेतच होते.

झाकण उघडलं तर आत कुणाचे कुल्फीचे साचे, लिंबू सरबताची बाटली, रुमालात गुंडाळलेला गजरा. त्यांच्याखाली मंद्रूप आणि मंगळवेढ्याच्या लोकांच्या रक्तातल्या सीरमच्या छोट्या बाटल्या. सरांचं तीन वर्षांचं काम त्यात होतं. कुल्फी आम्ही खाल्ली. आम्ही म्हणजे मी आणि काचसामान धुणाऱ्या मावशी. त्यांच्या घरी हातमाग होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जीभ तिखट.

उत्साहाच्या भरात मी बाटल्यांवरच्या मळक्या चिठ्ठ्या घासून काढल्या. मोठ्यांदा गाव आणि नंबर वाचायचा, नवी कोरी चिठ्ठी डकवायची, बाटली मावशींकडे द्यायची, त्या आत रचायच्या. काय माझं अक्षर! मीच माझ्यावर खूश. शेवटी आत डोकावले तर प्रत्येक बाटलीच्या गळ्यात गाठी मारलेलं रंगीत सूत.

"हे काय ताईत बांधलेत? काढून टाका सगळे. प्रयोगशाळा आहे ही, जत्रा नाही."

"व्हय ताई," मावशी म्हणाल्या.

शनिवारी सरांनी झाकण उघडलं. माझ्या सुंदर चिठ्ठ्या तळाशी बर्फात पडल्या होत्या, एकूण एक. गारठलेल्या ओल्या काचेवर डिंक धरतोय कशाला! सरांचा चेहरा पांढरा पडला. माझी नोकरी तर गेलीच, पण यांची तीन वर्षंही मी बुडवली.

तेवढ्यात मावशींनी पदराला हात पुसले आणि एक बाटली उचलली. गळ्यातलं सूत तसंच होतं. "लाल सूत म्हंजे मंद्रूप. पिवळं मंगळवेढा. मोठी गाठ धाची, बारकी एकाची. ही बगा, दोन मोठ्या, चार बारक्या. चोवीस. आमच्यात सुताच्या लडीला असंच करत्यात की."

सरांनी वही उघडली. मंद्रूप, चोवीस : बाटली अर्धीच भरलेली. हातातली बाटली अर्धीच होती! मग पिवळी, मग पुन्हा लाल. जी उचलावी ती जुळत होती. सर हसायलाच लागले. "मुली, ही अक्कल तुझी?"

मी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या. "ताईच म्हनल्या, सूत काडू नगा म्हून."

आणि मी गप्प बसले. सरांनी सही केली. आनंदानं मी पॅसेजमध्ये दोन गिरक्या घेतल्या आणि तिसऱ्या गिरकीला मला माझी लाज वाटली.

सोमवारी सकाळी सरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांच्याकडून शिकून घे." मी पेढे घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि माझ्या हातात लाल सूत दिलं. मी गाठ मारली. त्यांनी ती ओढून बघितली.

"ही सुटती. काडून टाका," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळा हाय ही."