बांगड्याचे काटे

रेडिएशनचा शेवटचा शेक झाला त्या दिवशी आमच्या ह्यांनी चाळीत पेढे वाटले. आमच्या मजल्यावर वाटलेच, खालच्या मजल्यावरही देऊन आले. हॉस्पिटल परळला, घर डिलाईल रोडला. वर्षभर सगळ्यांनी माझ्यासाठी पायपीट केली. मुलाने रजा काढल्या, सुनेने नोकरी सांभाळून डबे पोचवले. आता तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, एवढंच राहिलं होतं. सगळे इतके खूश होते की माझी बोटं अजून बधीर आहेत, हे सांगायला मला तोंडच उघडता आलं नाही.

केमोपासून बोटांची टोकं अशी झाली होती, मळलेलं पीठ वाळून वर चिकटून राहावं तशी. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू जाईल, पण कुणाकुणाला राहतंही. तेव्हा आत मी एकटीच होते. मुलगा औषधांच्या रांगेत होता. बाहेर येऊन त्याला सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणाले.

घरात सुनेने डबे तिच्या हाताला येतील तसे लावले होते. मी मीठ शोधत राहायचे आणि ती म्हणायची, तुम्ही बसा. प्रेमानेच म्हणायची. मला बाकी काही नको होतं, फक्त नातीला मासे भरवणं परत हवं होतं. ती पाच वर्षांची. आजाराआधी मासे माझ्याच हातचे खायची. आमच्याकडे काटा डोळ्यांनी शोधत नाहीत. तुकडा बोटांत चुरायचा, काटा आपोआप लागतो. सासूबाईंनी मला तसं शिकवलं, मुलालाही मी तसंच भरवलं.

एका बुधवारी बांगडे आले. नात आपणहून ताट घेऊन माझ्यापुढे बसली. सुनेने विचारलं, जमेल ना. मी म्हटलं, न जमायला काय झालं. तुकडा चुरला, हाताला काहीच लागलं नाही. चष्मा लावून बघायला हवं होतं. पण सून बघत होती, तिला कळलं असतं.

दुसऱ्याच घासाला पोरीने तोंड वासलं आणि घशाकडे बोट केलं. सुनेने धावत येऊन सुक्या भाताचे गोळे करून तिला न चावता गिळायला लावले. तिसऱ्या गोळ्याबरोबर काटा उतरला. पोर रडून रडून लाल झाली होती. सून मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मी गप्प राहिले असते. मग मीच हात पुढे केले आणि सांगितलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"केमोपासून."

"मला तरी सांगायचंत, आई. मी काय परकी आहे?"

हे दारातून म्हणाले, "आता बरा झाला ना सगळा? मग लपवतंस कशाक?"

बरं झालं म्हणूनच सांगता येत नव्हतं, हे कसं सांगू?

दुसऱ्या दिवशी विळी वरच्या फळीवर गेली. गॅसजवळ जायचं नाही असं मुलाने बजावलं. चहा मला कोमट करून मिळू लागला. सगळं बरोबरच आहे. भाजलं तरी मला उशिरा कळतं. राग धरायचा तरी कुणावर?

रविवारी परत बांगडे होते. सुनेने नातीचा तुकडा चुरून दिला. मग माझं ताट ओढून घेतलं आणि माझ्याही तुकड्यातले काटे काढायला लागली. मी म्हटलं, अगं, माझ्या जिभेला कळतो काटा. ती म्हणाली, असू दे. भराभर काढत होती, तिची अजून भांडी राहिली होती.

नात बघत होती. तिने आईला विचारलं, "आजीला पण काढून द्यायचे?"

"हो," सून म्हणाली.

तिने ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मी खाली बघून जेवले.