खालची रिकामी ओळ

पेंटरचाचांनी आयुष्यात एकही पाटी पूर्ण लिहून दिली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगतोय, कौतुक म्हणून नाही. लातुरात त्यांनी रंगवलेल्या पाट्या गल्लोगल्ली होत्या, आणि प्रत्येक पाटीवर खालची एक ओळ कोरी. वर दुकानाचं नाव, मालकाचं नाव, मालाचे प्रकार, सगळं ठसठशीत. खाली दोन फिक्या रेघा आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. पत्र्याचे पैसे पूर्ण, रंगाचे पैसे पूर्ण, मजकूर मात्र अपुरा. माझ्यासारख्या माणसाशी असा व्यवहार करून जो जिवंत सुटला, तो एकटा चाचाच.

मी पत्र्याच्या पेट्या विकायचो. अहमदपूर, जळकोट, जिथे बाजार भरेल तिथे पेट्या एकात एक घालून न्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत ओरडायचं. घसा तेव्हाच तयार झाला, पुढे तो फक्त भांडायला वापरला. मग भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींखाली झोपायची लोकांची हिंमत उरली नाही, अर्ध्या जिल्ह्याने पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडला. माझी माल ठेवायची खोलीही भेगाळली. तेव्हा मी लातुरात स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याला चार पत्रे ठोकले आणि आत पेट्या रचल्या. त्याला दुकान म्हणायचं धाडस मलाच होत नव्हतं.

तिथे एका सकाळी चाचा सायकलवरून उतरले. हँडलला रंगाचे डबे, कानावर ब्रश, दाढीत निळ्या रंगाचा एक ठिपका. शेडकडे न बघता त्यांनी शेडच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि विचारलं, "क्या शेठ, बोर्ड कधी?"

मी म्हणालो, "शेडला कसला बोर्ड? लिहायचंच असेल तर 'तात्पुरते दुकान' लिहा. स्वस्तात होत असेल तर."

"तात्पुरतं मी लिहीत न्हाई," चाचा म्हणाले. "तात्पुरते तर आपण सगळेच हाव. गेल्या महिन्यात बघितलं न्हाई का?"

मी लगेच भाव पाडायला सुरुवात केली. तासभर घासाघीस झाली. मी जिंकलो, असं मला वाटलं. पाटी टांगल्यावर खालची कोरी ओळ दिसली आणि माझं डोकं फिरलं. "ही जागा कामून सोडली? मी पैसे काय हवेचे दिले?"

चाचांनी ब्रश पुसत विचारलं, "पुढं काय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. पाटी झाली की ते तो विचारत, आणि चारचौघांसमोर विचारत. उत्तर मोठ्याने द्यावं लागे. मग कोऱ्या ओळीत काय यायचं आहे ते सगळ्या रस्त्याला ठाऊक होई. पिठाच्या गिरणीवाल्याने "मिरची कांडप" म्हटलं होतं. ते यंत्र येईपर्यंत त्याच्या दारात दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई वर बघून विचारायची, "भाऊ, कांडप कधी?" बिचाऱ्याने शेवटी बायकांच्या धाकाने यंत्र आणलं. चाचा म्हणत, "मनात ठरवलेलं मनातच मरतंय. बोर्डावर रिकामं ठेवलं की लोकं मरू देत न्हाईत."

माझ्या तोंडून निघालं, "शाखा, नांदेड." का निघालं, ते मला माहीत होतं. मी पेट्या घेऊन फिरायचो तेव्हा नांदेडच्या बाजारात एका व्यापाऱ्याने मला त्याच्या ओट्यावरून हाकललं होतं. उन्हात जरा टेकलो होतो, एवढाच गुन्हा. त्याच्या समोरच दुकान टाकायचं, असा माझा विचार होता. चाचांनी तो सगळा माझ्या तोंडून काढून घेतला आणि मान हलवली. "रागानं ठरवलेलं टिकत न्हाई शेठ. रागानं फक्त भांडी फुटतेत." तरीही त्यांनी जागा ठेवली. अट घातली, की नांदेडचं दुकान एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत उभं राहिलं तरच ओळ लिहीन. अटीवर घासाघीस करायचा मी प्रयत्न केला. "दिवाळीपर्यंत धरा," म्हणालो. ते सायकलवर बसून निघूनही गेले.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. गावोगावचे आईबाप एसटीने पोरांना आणून सोडू लागले. पोरगा डॉक्टर होणार हे ठरलेलं. तोवर त्याचे लाडू आणि चिवडा खोलीतल्या दुसऱ्या पोरांपासून वाचवायला कुलपाची पेटी हवी. माझ्या पेट्या तडाखेबंद खपल्या. पेट्यांमागून लोखंडी कॉट आल्या, शेडच्या जागी पक्कं दुकान आलं. पाटी मात्र तीच, आणि खालची ओळही तशीच. गिऱ्हाईक पेटी ठरवता ठरवता वर बघायचं. "शेठ, खाली काय लिहायचं राहून गेलंय का?" माझी बायकोसुद्धा डबा घेऊन आली की आधी पाटीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि मगच डबा ठेवायची.

क्लासवाल्यांनाही चाचांनी सोडलं नाही. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात क्लास काढलेले एक सर त्यांना म्हणाले, "वर लिहा, लातुरातला एक नंबरचा क्लास." चाचा म्हणाले, "दोन नंबरवाल्याला घेऊन या सर. त्याला मान्य हाय का विचारतो, मग लिहितो." सरांनी दुसरा पेंटर शोधला. चाचांचं असं बरंच काम दुसऱ्या पेंटरांकडे जायचं, पण ते सांगताना त्यांना फार मजा यायची.

शेवटी मी इरेला पेटलो. नांदेडला त्या व्यापाऱ्याच्या अगदी समोर नाही, पण त्याला दिसेल एवढ्या अंतरावर गाळा घेतला. भाडं ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. लातूरचं दुकान जसंच्या तसं तिथे मांडलं. पेट्यांच्या तशाच रांगा, वर फोटोंना तसेच हार. चाचांना एसटीच्या पुढच्या सीटवर बसवून दाखवायला नेलं.

त्यांनी चहा घेतला, गाळ्यात एक चक्कर मारली, बाहेर जाऊन रस्त्यावरच्या पोरांकडे थोडा वेळ बघितलं आणि परत येऊन विचारलं, "इथली पोरं पेटी घेतेत का? कुणाला इच्यारलं?"

"पोरांना काय विचारायचं? पेटी ती पेटी!"

"सगळ्यांच्या पाठीवर चेनच्या बॅगा हायेत शेठ. तुम्ही दुकान पोरांसाठी टाकलं का त्या ओट्यावाल्यासाठी?"

मी भडकलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं गिऱ्हाइकांसमोर झालं असतं, पण दुकानात गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून अब्रू वाचली. चाचांनी शांतपणे टोपी नीट केली. "भांडून घ्या. ओळ जूननंतर."

लातूरला परत आल्या आल्या मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. फ्लेक्स तेव्हा नवे होते. त्याला "पुढं काय" विचारायची सवय नव्हती. सांगाल ते तो छापत होता. मी सांगितलं, "शाखा: नांदेड, परभणी, हिंगोली." शेजारी माझा फोटो, कानाला मोबाईल. चाचांची पाटी त्याच्यामागे झाकून टाकली. तो फ्लेक्स जुना व्हायच्या आत नांदेडचं दुकान बंद पडलं. माल परत आणताना तो व्यापारी त्याच्या ओट्यावरून म्हणाला, "शेठ, उन्हाचं निघालात, जरा टेका." मी टेकलो नाही. हिंगोलीच्या शाखेचा पत्ता विचारत लोक पुढे वर्षभर येत राहिले. एका वादळात फ्लेक्स फाटला आणि मागची कोरी ओळ पुन्हा रस्त्याला दिसू लागली. मला तर हायसंच वाटलं.

दुसऱ्या वेळी मी नांदेडला गेलो तो माल न घेता. स्टेशनबाहेर, चहाच्या टपऱ्यांवर, कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून पोरापोरींना विचारत बसलो. जिवावर आलं होतं, कारण हे चाचांचं ऐकल्यासारखं होत होतं. पोरं म्हणाली, पेटी नको. कॉटवर बसून लिहिता येईल असं घडीचं टेबल द्या, भिंतीला टांगायचं पुस्तकांचं रॅक द्या. ते केलं. गाळा आतल्या बोळात घेतला. तो व्यापारी तिथून दिसतही नव्हता, आणि हे माझ्या लक्षात आलं तेच मुळी दुकान चालायला लागल्यावर. जून आला, गेला, दुसरा जून आला.

तोवर फ्लेक्सनी चाचांचं काम संपवलं होतं. ते अहमदपूरला मुलीकडे राहायला गेले होते. मी पेढे घेऊन गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर थरथरत होता.

"चाचा, जून झाला. ओळ लिहा."

त्यांनी हात वर करून दाखवला. "आता लिहिलं तर लोकं म्हणतेल, भूकंपात लिहिलं."

"चालेल. भाव सांगा."

त्यांनी भाव सांगितला. एवढ्यात सगळी पाटी नवी झाली असती. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी निम्म्याने पाडला, ते चिडले. मी पत्रा जुना असल्याचं सांगितलं, त्यांनी वयाचं सांगितलं. मुलगी चहा ठेवून हसत आत गेली. भाव ठरला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. त्यानंतर दुकानाचं काही काम नसतानाही मी अहमदपूरला जाऊ लागलो. बायकोला सांगायचो, "म्हातारा उतरत नाही, काय करणार?"

एकदा मी चढत चढत त्यांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत आलो. म्हणालो, "घ्या. मान्य." तर त्यांनी भाव वाढवला.

"ही काय पद्धत झाली?" मी उठलोच. घासाघिशीत जो आधी उठून चालू लागतो तो जिंकतो. दुसऱ्याला मागून हाक मारावीच लागते. या एका युक्तीवर मी सगळा धंदा उभा केलाय. चाचांनी हाक मारली. "शेठ, बसा की. आत्ता कुठं रंगात यायलंय." मी ताठ्यात थांबलो नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येईन, तोवर नरम पडतील.

पुढचा आठवडा उजाडायच्या आत त्यांच्या मुलीचा निरोप आला. कबरस्तानातून परतताना एसटीत मी स्वतःवर नाही, त्यांच्यावरच चिडलो होतो. भाव न ठरवता असं उठून जायचं असतं का? आणि गेले ते इतके लांब, की हाक मारायची पाळी माझी होती, पण मारायची कुठल्या दिशेला तेच कळेना.